आधी भरतीचा तक्ता, मग कॅमेरा: चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांच्या फोटोंसाठी जाताना

तुतवार, चिखल्या, कुरल, पाणटिवळे यांचे फोटो काढायला निघालेल्याला सल्ला देणारे लोक लेन्सपासून सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा लेन्सवरच थांबतात. मग माणूस ६०० मिलिमीटरची लेन्स खांद्यावर टाकून पहाटे किनाऱ्यावर पोचतो. पाणी पार लांब गेलेलं असतं आणि पक्षी त्या पाण्याच्या काठाला, ठिपक्याएवढे. लेन्स कितीही मोठी असली तरी त्या ठिपक्याचा कुरल होत नाही. या सहलीची खरी तयारी म्हणजे दिवस आणि वेळ ठरवणं. बॅटऱ्या चार्ज करा, कार्ड रिकामं करा, टोपी घ्या, हे मी सांगायची गरज नाही.

ऋतू

स्थलांतराचा काळ धरा. उत्तर गोलार्धात एप्रिल-मेमध्ये उत्तरेकडे निघालेल्या पक्ष्यांवर विणीचे रंग चढलेले असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच वर्षी जन्मलेले पक्षी येतात, त्यांची पिसं कोरी करकरीत आणि फिक्या कडांची असतात, शिवाय ते मोठ्यांपेक्षा कमी बुजतात. हिवाळ्यात संख्या चांगली मिळते, पण बरेचसे पक्षी राखी-भुरे आणि ओळखायला कटकटीचे असतात.

दिवस आणि वेळ

सगळं इथेच अडतं, म्हणून जरा सविस्तर.

भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर हे पक्षी दिवस-रात्र बघत नाहीत, पाणी बघतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की पांगून चरतात, अगदी रात्रीसुद्धा. भरती चढायला लागली की चरायची जागा आक्रसत जाते आणि पाणीच त्यांना काठाकडे ढकलत आणतं. चिखल पूर्ण बुडाला की ते वाळूच्या एखाद्या उंच पट्ट्यावर किंवा खडकावर दाटीवाटीने विसावतात. त्यामुळे आपल्या कामाचे तास म्हणजे पूर्ण भरतीच्या आधीचे दोन-तीन. ओहोटी सुरू झाल्यावरही पक्षी मिळतात, पण तेव्हा ते पाण्यामागोमाग लांब जात असतात आणि फोटोत पाठी येतात. ‘पहाटे लवकर पोचा’ हा सल्ला झाडीतल्या पक्ष्यांसाठी ठीक आहे. इथे सूर्योदयाला पूर्ण ओहोटी असेल तर खुशाल झोपा.

आता तक्ता, म्हणजे जवळच्या बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळांची यादी, उघडा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत उधाण, म्हणजे सगळ्यांत मोठी भरती येते, अष्टमीच्या पुढे-मागे भांग, म्हणजे सगळ्यांत छोटी. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती असते, तिथे पुढचं गणित लागू नाही.)

नवशिके काय करतात, तर मोठ्यात मोठं उधाण शोधतात, कारण पाणी जितकं वर तितके पक्षी जवळ. आणि ते उधाण त्यांना सकाळच्या कोवळ्या उन्हात हवं असतं. हे दोन्ही एकत्र का बसत नाही हे मलाही बराच काळ उमगत नव्हतं. मी महिन्यामागून महिने तक्ता चाळत बसायचो. कारण साधं आहे. उधाण येतं ते चंद्र, सूर्य आणि पृथ्वी एका रेषेत आल्यावर, आणि त्या दिवसांत चंद्र माथ्यावर यायची वेळही ठरलेली असते, अमावास्येला मध्यान्ही आणि पौर्णिमेला मध्यरात्री. त्यानंतर किती वेळाने पाणी चढणार ते त्या त्या किनाऱ्याच्या ठेवणीवर अवलंबून असतं, पण एका ठिकाणी तो वेळ फारसा बदलत नाही. म्हणून एखाद्या जागी उधाणाची भरती दुपारी बाराच्या सुमारास येत असेल, तर दर पंधरवड्याला ती बाराच्याच सुमारास येणार. सकाळी सातचं उधाण तिथे जन्मात मिळणार नाही. सकाळी सातच्या सुमाराची भरती हवी असेल तर ती त्या किनाऱ्यावर भांगाच्या दिवसांतच शोधावी लागेल.

तेव्हा आधी जागेची उधाणाची वेळ शोधा आणि मग ठरवा. ती वेळ सकाळची असेल तर तुमचं नशीब. नसेल तर उधाण सोडून द्या. माझं मत स्पष्ट आहे: उधाण आणि भांग यांच्या मधली भरती सगळ्यांत चांगली, आणि ती पूर्ण भरायची वेळ सूर्योदयानंतर अडीच-तीन तासांनी. उधाणाचं पाणी घाईने चढतं, पक्षी समोर येईतो तुम्हालाच उठून मागे सरकावं लागतं, आणि कधी कधी विसाव्याची जागाही बुडून अख्खा थवा भलतीकडे निघून जातो. मधल्या भरतीला पक्षी काठाकाठाने चरत, रेंगाळत येतात. निव्वळ भांगाला काही ठिकाणी चिखल पुरता बुडतच नाही, तिथे फार आशा धरू नका.

ऊन पाठीशी हवं. पाण्याकडे तोंड करून बसल्यावर किनारा पश्चिमेकडे उघडत असेल तर सकाळ तुमची, पूर्वेकडे उघडत असेल तर संध्याकाळ. नकाशावर दोन मिनिटांत कळतं, तरी लोक बघत नाहीत आणि दिवसभर काळ्या आकृत्या टिपून येतात.

पाणी कसं चढतं

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशेब असा: भरतीच्या सहा तासांत पहिल्या तासाला एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्याला दोन भाग, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. चढ ४ मीटरचा असेल तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर पाणी वाढतं आणि तिसऱ्या तासात पूर्ण १ मीटर. पहिल्या तासाची गती बघून ‘अजून पुष्कळ वेळ आहे’ म्हणणारा माणूस इथेच फसतो. सपाट चिखलावर पाणी समोरून येतंय असं वाटत असतं, प्रत्यक्षात ते आधी तुमच्या मागच्या ओहोळांत शिरलेलं असतं. तुमच्या आणि पक्क्या जमिनीच्या मध्ये एकही ओहोळ असेल तर त्या जागी बसू नका. फोटो कितीही चांगला मिळत असला तरी नाही. पायाखालचा चिखल घोट्याच्या वर गेला तर आल्या पावली मागे फिरा. आणि एकट्याने जात असाल तर परतायची वेळ कुणाला तरी सांगून जा.

तक्त्यातली वेळ तो ज्या बंदराचा आहे तिथली असते. खाडीत आत गेलात तर भरती उशिरा पोचते. किनाऱ्याकडे जोराचा वारा असेल तर पाणी तक्त्यापेक्षा वर चढतं, आणि हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर वाढतं. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी कॅमेऱ्याशिवाय भरतीलाच जाऊन या. मागच्या भरतीने आणून टाकलेला कचरा आणि शेवाळ यांची रेघ किनाऱ्यावर दिसते. पाणी कुठवर येतं याचा तो सगळ्यांत खरा पुरावा.

बसणं

पक्षी यायच्या आधी जागेवर बसा आणि मग हलू नका. त्यांच्याकडे चालत जाणं, वाकून असो की रांगत, मला पसंत नाही. ते येत असताना आपण का जायचं? पाणकाठापासून थोडं मागे, अंगावर मळकट कपडे, लेन्स जमिनीलगत. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसता चिखल येतो. पोटावर पडून काढलात तर मागचं पाणी धूसर होतं आणि पक्ष्याचा डोळा आपल्या डोळ्यासमोर येतो.

विसावलेल्या थव्याकडे नीट बघायला शिका. निवांत पक्षी एका पायावर उभा असतो, चोच पाठीच्या पिसांत खुपसलेली. थोडं अवघडल्यासारखं वाटलं तर तो दुसरा पाय न टेकवता त्याच एका पायावर टुणटुण उड्या मारत बाजूला होतो. ही पहिली सूचना. मग चोचा बाहेर येतात, माना ताठ होतात, पाठमोरे पक्षी वळतात. इतकं होईपर्यंत तुम्ही थांबला नाहीत तर थवा उठणारच. ‘उडतानाचा फोटो’ मिळावा म्हणून मुद्दाम थवा उठवणाऱ्यांशी माझं जमत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये पट्टेदार शेपटीच्या एका कोवळ्या पाणटिवळ्याने अलास्का ते टास्मानिया हे १३,५६० किलोमीटरचं अंतर ११ दिवसांत, कुठेही न उतरता कापलं. असा प्रवास करणारे पक्षी किनाऱ्यावर अंगावर चरबी चढवायला आणि थकवा उतरवायला थांबतात. आपण एकदा उठवलं की त्यातलं थोडं वाया जातं, आणि दिवसभरात उठवणारे आपण एकटेच नसतो.

सामान आणि सेटिंग

४०० ते ६०० मिलिमीटर पुरे. जमिनीलगत ठेवायला बीनबॅग (लेन्स टेकवायची छोटी भरीव पिशवी) किंवा मधला दांडा नसलेला ट्रायपॉड. १.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (चित्र मोठं करणारी जोडभिंग) एक स्टॉप उजेड खातो, म्हणजे उजेड निम्मा होतो. ऊन चढल्यावर चिखलावरची हवा थरथरायला लागते तेव्हा तर त्याचा काडीचाही उपयोग नाही, कारण तो थरथरही मोठी करून दाखवतो. चरणाऱ्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडणाऱ्याला १/२००० किंवा त्याहूनही कमी वेळ. काळपट चिखलावर पांढरा बगळा आला की कॅमेरा उगाच उजेड वाढवतो आणि पिसांचा तपशील जातो. एक स्टॉप खाली आणा आणि हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) बघा. चकाकत्या पाण्यावर भुरा तुतवार असेल तर नेमकं उलट.

तळ्याकाठी किंवा शेतातल्या पाण्यावर जाणार असाल तर तक्ता लागत नाही, पाण्याची खोली बघा. छोट्या टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटर पाणी पुष्कळ झालं, लांब पायांचा शेकाट्या कितीतरी खोल पाण्यात फिरतो. आटत चाललेलं तळं सगळ्यांत उत्तम.

परतल्यावर आधी कॅमेरा आणि लेन्स गोड्या पाण्यात ओल्या करून पिळलेल्या फडक्याने पुसा. ट्रायपॉडचे पाय सुटे करून धुवा आणि वाळवा. खारं पाणी आत राहिलं तर त्यांच्या पिळात मीठ आणि गंज धरतो, आणि पुढच्या वेळी ते उघडत नाहीत.