व्हॉलीबॉलसाठी उभी उडी कशी वाढवावी
पुरुषांच्या व्हॉलीबॉलमध्ये जाळीची उंची २.४३ मीटर असते, आणि तिच्यावर हात नेण्यासाठी मांड्या, नितंब व पोटऱ्यांची ताकद लागतेच. म्हणून आठवड्यातून दोन दिवस, पाठ सरळ ठेवून, वजनासह बैठका माराव्यात. मात्र केवळ ताकद पुरत नाही, आणि नवखे खेळाडू नेमके इथेच चुकतात. उडीपूर्वी गुडघे व कंबर झटकन वाकवून, खाली क्षणभरही न थांबता वर झेपावावे, कारण थांबल्यास ताणलेल्या स्नायूंत व कंडरांत (स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांत) साठलेली ऊर्जा वाया जाते. त्याच वेळी मागे नेलेले दोन्ही हात जोराने वर आणावेत. हात कमरेवर ठेवून एकदा उडी मारून पाहिल्यास फरक लगेच कळतो. उतरताना गुडघे आत वळू देऊ नयेत.