करंजाच्या पानांवरील गाठी : फवारणीपूर्वी एक गाठ चिरून पाहा

फाल्गुन-चैत्रात करंजाला नवी पालवी फुटते आणि थोड्याच दिवसांत बांधावरच्या किंवा रोपवाटिकेतल्या झाडांची पाने बोटांच्या पेरांसारख्या लहान गाठींनी भरून जातात. या गाठी पाहून बुरशी समजून बुरशीनाशक किंवा अळी समजून कीटकनाशक फवारले जाते. बहुतेक वेळा दोन्ही खर्च वाया जातात, कारण हे काम ‘असेरिया पोंगामी’ या कोळ्याचे (जाळे विणणाऱ्या नव्हे, तर रस शोषणाऱ्या सूक्ष्म किडीचे, म्हणजे ‘माइट’चे) असते.

हा कोळी जेमतेम ०.२ मिलिमीटर लांब, अळीसारखा निमुळता आणि चारच पायांचा असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ओळख गाठीवरूनच करावी. ज्या बाजूला गाठ वर आलेली असते तिच्या उलट बाजूला पानावर तिचे बारीक तोंड असते. ब्लेडने ताजी, हिरवी गाठ उभी चिरल्यास आत पोकळी दिसते, पण अळी सापडत नाही. वीसपट भिंगाखाली धीर धरून पाहिल्यास पांढुरके कण सरकताना दिसतात. याउलट आंब्याच्या पानावरची मसुराएवढी टणक गाठ चिरली, तर आत गाठमाशीची पिवळसर अळी मिळते आणि माशी उडून गेलेल्या जुन्या गाठीला भोक पडलेले असते. वाळलेल्या गाठीवरून मात्र निदान करू नये. तिच्यात कोळ्याऐवजी दुसरेच किडे आश्रयाला आलेले असतात.

गाठ फक्त कोवळ्या, वाढत्या पानावरच तयार होते. एकदा ती झाली की आतल्या कोळ्यापर्यंत फवारा पोचत नाही आणि पानही पूर्ववत होत नाही. मोठ्या झाडाचे यामुळे सहसा फारसे बिघडत नाही, त्यामुळे त्यावर पैसे घालवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. रोपवाटिकेत मात्र गाठी असलेली पाने खुडून जाळावीत. दरवर्षी त्रास होत असेल, तर पालवी फुटतानाच पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक १० लिटर पाण्यात २० ग्रॅम या प्रमाणात फवारावे; परंतु तापमान ३५ अंशांच्या पुढे असताना गंधकाने कोवळी पाने करपतात, म्हणून विदर्भ-मराठवाड्यात चैत्रातली दुपार टाळून सकाळी लवकर फवारणी करावी आणि प्रथम चार-पाच रोपांवरच करून दोन दिवस थांबावे.

बियांसाठी करंज राखणाऱ्यांनी पानांपेक्षा फुलोऱ्याकडे लक्ष द्यावे. तेथे कळ्या न उमलता गोल फुगतात, त्या चिरल्यास आत अळी मिळते, आणि अशा कळीला शेंग धरत नाही.