सिंकखालच्या नऊ बाटल्या

सिंकखालचं कपाट एकदा पूर्ण रिकामं केलं, तेव्हा साफसफाईच्या नऊ बाटल्या निघाल्या. काचेची वेगळी, फरशीची वेगळी, नळांची वेगळी. आज तिथे चार बरण्या आहेत आणि घर तेवढंच स्वच्छ आहे. हा बदल करायचा असेल तर सुरुवात खरेदीने करू नका. आहे ते आधी वापरून संपवा. भरलेल्या बाटल्या मोरीत ओतल्या, तर ज्या पाण्याच्या काळजीने हे सगळं करायचं, त्यातच ती रसायनं एकदम जातात. मी एकेक बाटली संपेल तसा तिला पर्याय शोधत गेले. वर्ष लागलं. पाच बाटल्यांना तर पर्याय लागलाच नाही.

त्या वर्षात शिकलेली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे जागा बघायची नाही, मळ बघायचा. नळावर आणि शॉवरवर बसणारा पांढरा थर बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे चुन्याच्या जातीचा असतो. तो आम्लात विरघळतो. अर्धा लिटर गार पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) घाला, त्यात फडकं भिजवून नळाला वीस मिनिटं गुंडाळून ठेवा, मग पुसून भरपूर पाण्याने धुवा. पाणी गारच घ्या, कारण गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसू शकतो, आणि तो काढणं आणखी कठीण.

शेगडीमागच्या भिंतीवरचा चिकटा नेमका उलटा. तो तेलाचा, त्याला अल्कली हवी. एक लिटर गरम पाण्यात एक मोठा चमचा धुण्याचा सोडा पुरतो. हातमोजे घाला, हा सोडा त्वचा कोरडी करतो. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र तो लावू नका, ती काळवंडतात. खाण्याचा सोडा याचाच सौम्य भाऊ. करपलेलं भांडं हलक्या हाताने घासायला तो छान.

आणि आम्ल आणि सोडा एकत्र करू नका! व्हिनेगर आणि सोडा मिसळला की जोरात फेस येतो, म्हणून काहीतरी जबरदस्त घडतंय असं वाटतं. प्रत्यक्षात आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात आणि हातात जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं.

माझी एक चूक तुमच्याकडून होऊ नये. बेसिनभोवतीच्या संगमरवरावर मी व्हिनेगर फवारलं आणि सवयीने तसंच राहू दिलं. संगमरवर म्हणजेही कॅल्शियम कार्बोनेट. पॉलिश गेलं, ते पुसून परत आलं नाही. तिथे आता फक्त साधा साबण आणि ओलं फडकं.

पांढऱ्या कपड्यांसाठी तिसरी बरणी, सोडियम परकार्बोनेटची. पाण्यात त्याचा धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड होतो, पेरॉक्साइडचं पुढे पाणी आणि ऑक्सिजन. चाळीस अंशांच्या वर ते नीट काम करतं. लोकर आणि रेशमाला नको. भिजवण लागेल तेवढंच करा, बंद बाटलीत कधीच साठवू नका. वायू साचून बाटली फुटू शकते.

चौथ्या बरणीत साबणाचा कीस. फरशी, ओटा, बेसिन, रोजचं बहुतेक काम त्यावर निघतं.

पुसायला जुन्या सुती चादरींचे तुकडे. पॉलिस्टरची फडकी धुताना प्लास्टिकचे सूक्ष्म धागे सोडतात, म्हणून नवी घेत नाही. घरात होती ती झिजेपर्यंत वापरली.

एक बाटली मी ठेवली आहे, ब्लीचची. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले तर व्हिनेगरवर भिस्त ठेवू नये, ते खात्रीचं जंतुनाशक नाही. ब्लीच मात्र एकटंच वापरा. त्यात व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड पडलं तर क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक. म्हणून ती बाटली मी वेगळ्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवते. बाकीच्या बरण्यांवर नाव आणि प्रमाण मार्करने लिहिलंय, म्हणजे घरातल्या कुणालाही मला न विचारता द्रावण करता येतं.