उसाला जाण्याआधी मोबाइल तयार करा
बीड, केज, धारूरकडून ऊसतोड मजुरांची टोळी साखर कारखान्याला निघण्याआधी, दसऱ्याच्या आतच, आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का ते बघा. घोडं इथंच अडतं: रिचार्ज संपून सिम बंद पडलेलं असतं, नाहीतर ओटीपी येणारा फोन गावी म्हाताऱ्यांकडं राहतो. नंबर बदलला असेल तर आधी आधार केंद्रात तो बदला, मगच १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य ओळख क्रमांक) काढा. लेकरांच्या आणि गरोदर बाईच्या लसी नर्सबाईंकडून यू-विनवर (लसींच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) चढवून घ्या, म्हणजे पुढचा डोस सांगली-कोल्हापुरातही नोंदवता येतो. फडावर रेंजचा भरवसा नाही, कोपीत (मजुरांच्या झोपडीत) कार्ड भिजतं. म्हणून माता-बाल कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो नवरा-बायको दोघांच्याही फोनमध्ये हवाच.