गणपतीत लावा, दिवाळीनंतर चिकटवा

आमच्या कोकणातल्या आचरा गावच्या घरी गणपतीला मुंबईचे सगळे चाकरमानी आले की आरती आणि जेवणाच्या मधला वेळ ओटीवरच्या फळीभोवती जातो. फळीवर घरच्याच एखाद्या फोटोचं जिगसॉ पझल मांडलेलं असतं. आजवर पाच केली. त्यातलं पहिलं बुरशीने खाल्लं, तेव्हा कोकणात हे काम कसं करायचं ते नीट लिहून ठेवते आहे.

सगळ्यात जास्त वेळ फोटो निवडायला द्या. आपल्याला पहिला मोह समुद्राचा होतो. पुतण्याने तारकर्लीचा फोटो दिला होता. वर आकाश, खाली पाणी, मध्ये दोन माणसं. तीनशे तुकड्यांतले दोनशेच्या वर नुसते निळे! दुसऱ्या दिवशी फळीकडे कुणी फिरकेना. पुढच्या वर्षी माटवीचा, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगतो त्या फळापानांनी सजवलेल्या चौकटीचा फोटो घेतला. नारळ, सुपारीचं शिपटं, तवसं (मोठी काकडी), कवंडळं (लाल रानफळं), शेरवडाची पांढरी पानं, आंब्याचे टाळ. कुठलाही तुकडा उचला, त्यावर काहीतरी ओळखीचं सापडतंच. फोटो असा भरलेला हवा. माणसांचा असेल तर प्रत्येक चेहरा छापल्यावर निदान एका तुकड्याएवढा, म्हणजे दोन सेंटीमीटरचा यायला पाहिजे.

माप ए-थ्री घ्या, 42 बाय 29.7 सेंटीमीटर. त्यात दोन सेंटीमीटरचे साधारण तीनशे तुकडे बसतात आणि पाच दिवसांच्या गणपतीत ते आरामात लागतात. मोबाइलचा 12 मेगापिक्सेलचा मूळ फोटो या मापाला पुरतो, इंचाला 240 ठिपके मिळतात. मात्र तोच फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की दाबला जातो आणि छापल्यावर चेहरे पुसट येतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. शिवाय मोबाइलचा आडवा फोटो ए-थ्रीपेक्षा थोडा उभट असतो, त्यामुळे वरून-खालून मिळून सहा टक्के कापला जातो. कडेला कुणाचं डोकं असेल तर आधीच बघून घ्या. जुना फोटो असेल तर 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खळ्यात, मांडवाच्या सावलीत फोटो सपाट ठेवून फ्लॅश न लावता बरोबर वरून टिपा.

छापून कापून देणारे आता ऑनलाइन बरेच आहेत. पावसाळ्यात पार्सल लांबतं, म्हणून आषाढातच मागवा. आल्याबरोबर तुकडे मोजा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, कागदी खोक्यात नको. आमच्याकडे पुठ्ठा दोन दिवसांत ओल धरतो. फुगलेल्या तुकड्याचा कान खाचेत जात नाही. जोराने दाबला की वरचा छापील कागद सुटतो.

सासूबाईंना बारीक तुकडे दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एक घरी केलं. 4 मिलिमीटरच्या प्लायवूडवर फोटो चिकटवला आणि फ्रेटवर्कच्या बारीक करवतीने चोवीस तुकडे कापले. कापताना सरळ चौकोन न पाडता माणसांच्या कडेकडेने करवत फिरवली. ही रीत जुनीच आहे. 1760च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने लाकडावर नकाशा डकवून तो देशांच्या सीमांवरून कापला होता, मुलांना भूगोल शिकवायला. आमचा फोटो सासूबाईंच्या लग्नाचा, कृष्णधवल. एक तुकडा हातात घेऊन त्या कितीतरी वेळ बोटाने चाचपत राहिल्या. त्यावर नुसतं मनगट होतं, आणि मागे केळीच्या खांबाची कड. मग म्हणाल्या, "ह्यो हात माझो गो! काकणां बघ." तो फोटो मी वीस वर्षं भिंतीवर बघत होते. ती काकणं मला कधी दिसली नव्हती.

आता मुख्य गोष्ट. पझल गणपतीत पूर्ण झालं तरी तेव्हा चिकटवू नका. भाद्रपदातल्या दमट हवेत फेविकॉल आतून ओला राहतो आणि त्यावरच बुरशी धरते. माझं पहिलं असंच गेलं. घाईने चिकटवलं, पश्चिमेच्या चिऱ्याच्या भिंतीवर लावलं, आणि पुढच्या आषाढात काचेच्या आत काळे ठिपके आले, पुठ्ठा पन्हळीसारखा वाकला. त्यात माझ्या आईचा चेहरा होता, आणि फोटोची दुसरी प्रत नव्हती. छापायला देण्याआधी मूळ फाइल दोन ठिकाणी ठेवा.

तेव्हा पूर्ण झालेलं पझल दोन प्लायच्या मध्ये धरून पलंगाखाली सरकवा, वर थोडं वजन ठेवा. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की बाहेर काढा. वरच्या प्लायखाली बटर पेपर घाला, दोन्ही प्लाय चिमट्यांनी आवळा आणि दोघांनी मिळून एका दमात उलटं करा. चिकटवायचं मागून. पुढून फेविकॉल फासला की चकचकीत छपाईवर पांढुरके पट्टे राहतात. चार भाग फेविकॉलला एक भाग पाणी, आणि जुन्या एटीएम कार्डाने पातळ थर ओढायचा. सांध्यांत मुरू द्या, पण डबकं नको. वर सनबोर्ड (फोमचा हलका, कडक बोर्ड) बसवा, बटर पेपर घालून प्लाय ठेवा, त्यावर पाट आणि पाटावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दोन दिवस हात लावू नका.

फ्रेमवाल्याला सांगा की काच पझलला टेकता कामा नये. मध्ये माउंटची पट्टी घालायला लावा, नाहीतर पावसाळ्यात छपाई काचेलाच चिकटते. मागची फट टेपने पूर्ण बंद करा, कागद खाणारी कसर तिथूनच शिरते. खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे फ्रेम आणि भिंत यांत वारा खेळतो. लोखंडी खिळा खाऱ्या हवेत दोन वर्षांत गंजतो आणि भिंतीवर ओघळ येतो, पितळी हूक घ्या. जागा माजघरातली, आतल्या भिंतीची. बाहेरच्या भिंतीला पाऊस झोडपतो. खिडकीसमोर लावलं तर ऊन रंग उडवतं.

माटवीचं पझल मात्र मी चिकटवलेलं नाही. पाठीमागे फिरत्या क्लिपा असलेल्या फ्रेममध्ये ते सुटंच दाबून बसवलं आहे. ॲक्रेलिकची शीट आणि मागचा बोर्ड यांच्यात घट्ट राहतं. चतुर्थीच्या आदल्या रात्री फ्रेम उतरवायची, फळीवर पालथी करायची आणि तुकडे मोडून मुलांच्या ताब्यात द्यायचे. एखादा तुकडा हरवलाच तर फोटोचा तेवढाच भाग त्याच मापात पुन्हा छापून तेवढ्याच जाडीच्या पुठ्ठ्यावर डकवा. शेजारचे तुकडे उलटे ठेवून मागून पेन्सिलने आकार गिरवा आणि धारदार कटरने कापा. आमच्या माटवीतलं एक कवंडळ असं नवं आहे, थोडं जास्त लाल.

फ्रेमच्या मागे फोटो कुठला, कधीचा, त्यात कोण कोण आहे आणि पझल कुणी कुणी लावलं ते लिहून ठेवा. पेन्सिलनेच लिहा, जेल पेनची शाई आपल्या हवेत पसरते.