कवीचं चरित्र हाताशी घेऊन कविता कशी वाचावी

आधी कविता वाचायची, चरित्र नंतर उघडायचं. कविता निदान तीनदा वाचा: एकदा मनात, एकदा मोठ्याने, एकदा हातात पेन्सिल घेऊन. तिसऱ्या वेळी जिथे अडाल तिथे समासात प्रश्न लिहा. हा 'तू' कोण? मधेच हा परका शब्द कुठून आला? शेवटच्या कडव्यात सूर का बदलला? असे पाच-सहा प्रश्न पुरे. ते घेऊनच चरित्राकडे जा. रिकाम्या हाताने गेलात, तर चरित्रातली सर्वांत ठसठशीत घटना (बहुधा मृत्यू, आजार किंवा फसलेलं प्रेम) कवितेवर येऊन बसते आणि मग उठवता उठत नाही.

मग एक तक्ता करा. रकाने तीन: साल, त्या साली आयुष्यात काय चाललं होतं, आणि कोणती कविता. कवितेच्या रकान्यात लिहिल्याची, मासिकात छापल्याची आणि संग्रहात आल्याची अशा तिन्ही तारखा वेगवेगळ्या ठेवा. बहुतेकांची चूक इथेच होते, कारण संग्रहाचं साल सहज मिळतं आणि तेच कवितेचं साल समजलं जातं. केशवसुत १९०५ साली गेले आणि त्यांच्या कविता पुस्तकरूपाने आल्या त्या त्यांच्या पश्चात. 'तुतारी' मात्र १८९३ ची, म्हणजे कवी तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा. संग्रहाच्या सालावर विसंबलात तर त्या कवितेतला तरुण आवाज तुम्ही चक्क कवीच्या मृत्यूनंतरच्या काळात नेऊन ठेवाल.

तारखेने अर्थ किती हलतो ते इंग्रजी कवी कीट्सच्या बाबतीत स्वच्छ दिसतं. त्याच्या बहुतेक गाजलेल्या ओड (कुणाला वा कशाला तरी उद्देशून लिहिलेल्या भावकविता) १८१९ च्या वसंतातल्या. तो क्षयाने गेला १८२१ मध्ये, म्हणून 'मरणाच्या दारातल्या माणसाची कविता' असं वाचन फार प्रचलित आहे. पण तक्ता मांडला की दिसतं, त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं ते फेब्रुवारी १८२० मध्ये. ओड लिहिताना स्वतःच्या आजाराचा निकाल त्याच्यापुढे नव्हता. होता तो डिसेंबर १८१८ मध्ये क्षयानेच गेलेला धाकटा भाऊ टॉम, ज्याची शुश्रूषा त्याने स्वतः केली होती. नाइटिंगेल पक्ष्यावरच्या ओडमध्ये फिकट पडून झिजत मरणाऱ्या तरुणाचा उल्लेख येतो, तिथे ही माहिती नेमकी कामाला येते. त्याच कवितेच्या सुरुवातीला विष आणि अफू येतात. कीट्सने औषधवैद्यकाचं शिक्षण घेतलं होतं, हे तिथे समासात टिपावं. इतकंच. त्यापलीकडे ओढलं की कविता रुग्णाचा केसपेपर होते.

बालकवींचंही असंच होतं. १९१८ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, रेल्वे अपघातात ते गेले. म्हणून 'औदुंबर'मध्ये त्या अपघाताची चाहूल शोधणारे वाचक भेटतात. लिहिणाऱ्याला जे ठाऊक असणं शक्य नव्हतं ते ओळींत वाचू नये, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ.

काही वेळा तक्ता भरताच येत नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने आणि आप्तांनी टिपून ठेवली आणि त्या १९५१ मध्ये गेल्यावर पुढच्या वर्षी ती छापून आली. इथे कालक्रमाचा नाद सोडा आणि चरित्राचा दुसरा उपयोग करा: शेतकाम, जातं, सुगरणीचा खोपा, खानदेशातली बोली. एखादा शब्द अडला की त्या कामात त्याचा अर्थ काय, हे आधी शोधा.

साधनांची प्रतवारी ठरवून घ्या. पत्रं आणि हस्तलिखितं सर्वांत जवळची, मग कवीने स्वतः लिहिलेली प्रस्तावना, मग समकालीनांच्या आठवणी, आणि सगळ्यात शेवटी जन्मशताब्दीचे गौरवलेख नि पाठ्यपुस्तकातला कविपरिचय. प्रत्येकापुढे टीप ठेवा: घटनेनंतर किती वर्षांनी लिहिलं? पत्र असेल तर कोणाला? मित्राला आणि प्रकाशकाला लिहिलेली पत्रं एका मापाने तोलू नयेत.

एक सापळा विशेष फसवा आहे. तुकारामांच्या आयुष्याविषयी आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं त्यांच्याच अभंगांतून काढलेलं आहे, आणि संतचरित्रकार महिपतींनी त्यांचं चरित्र लिहिलं ते शतकाहून अधिक काळानंतर. दुष्काळात पत्नी अन्न अन्न करत गेली, हे अभंगच सांगतो. मग त्याच माहितीने तोच अभंग 'समजावला' की आपण गोल फिरून जागेवरच येतो. म्हणून तक्त्यात प्रत्येक नोंदीपुढे 'बाहेरचा पुरावा' किंवा 'कवितेतूनच' असं लिहा. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी पुरावा म्हणून वापरू नका.

'मी' आणि कवी यांची गल्लत टाळायला साधी युक्ती आहे: टिपणात कवीचं नाव न लिहिता 'कवितेतला मी' असं लिहा. कुसुमाग्रजांच्या 'पृथ्वीचे प्रेमगीत'मध्ये पृथ्वी बोलते, 'कोलंबसाचे गर्वगीत'मध्ये कोलंबस. तिथे कोणी फसत नाही. शीर्षकाने बोलणारा सांगितला नसेल तिथेच फसगत होते.

इंदिरा संतांच्या बाबतीत धोका नेमका उलटा, कारण माहिती खरी आहे आणि लागूही पडते. १९४६ मध्ये पती गेले आणि 'शेला' हा संग्रह १९५१ मध्ये आला. पण एकदा हे कळलं की प्रत्येक पाऊस, प्रत्येक संध्याकाळ विरहाची वाटू लागते. अशा वेळी आधीच्या कविता शेजारी ठेवाव्यात. पती-पत्नींचा 'सहवास' हा एकत्र संग्रह त्यासाठी आहेच. कोणत्या प्रतिमा आधीपासून होत्या आणि कोणत्या नंतर आल्या, हे दोन रंगांच्या पेन्सिलींनी खुणावा. नव्या प्रतिमांपाशीच चरित्राला बोलू द्या.

शेवटी चाचणी. कवितेवर दोन परिच्छेद लिहा, एक चरित्राशिवाय आणि एक चरित्रासह. दुसऱ्यात कवितेतल्या कोणत्या शब्दाचा अर्थ बदलला, त्याखाली रेघ मारा. एकही रेघ पडली नाही, तर ती माहिती कितीही रसाळ असो, खोडून टाका. पानभर कवितेला चरित्रातल्या दोन गोष्टी पुष्कळ झाल्या, आणि चरित्राच्या प्रत्येक वाक्यामागे कवितेची एक ओळ उभी हवी. आणि तक्त्यात हलाखीचं साल आणि कविता मात्र आनंदाची, असं निघालं तर 'वरवरचा आनंद' म्हणून ती मोडीत काढू नका. दोन्ही नोंदी तशाच शेजारी राहू द्या आणि कवितेतल्या आनंदाचे शब्द पुन्हा मोठ्याने वाचा.