लिनच्या तारेवरचा उलटा डायोड

खिडकीच्या मोटरचा लिन नोड (लिन म्हणजे गाडीतल्या भागांना एकाच तारेवर बोलायला लावणारी पद्धत, नोड म्हणजे त्या तारेवरचा एक भाग) टेबलावर ९६०० बॉडला, म्हणजे सेकंदाला ९६०० बिटांना, बिनतक्रार चालायचा. १९२०० केलं की चेकसमच्या, म्हणजे संदेश नीट पोचला का ते तपासणाऱ्या बेरजेच्या, चुका. आधी ट्रान्सीव्हर चिपवर, म्हणजे तारेवर सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या चिपवर, संशय. दोन चिपा बदलल्या, वेळ वाया.

मग तारेवर ऑसिलोस्कोप लावला, जे आधीच करायला हवं होतं. सिग्नल खाली येताना स्वच्छ, वर चढताना मात्र माशाच्या पंखासारखा वाकडा, संथ. लिनमध्ये चिप तार फक्त खाली ओढते. वर नेतो तो पुलअप, म्हणजे तारेला पुरवठ्याकडे ओढणारा रेझिस्टर. मास्टरला, म्हणजे तारेवरचं बोलणं चालवणाऱ्या नोडला, १ किलोओहम हवा, चिपच्या आतला ३० किलोओहमचा असतो. १९२०० ला एक बिट जेमतेम ५२ मायक्रोसेकंदांचा, आणि रिसीव्हरला 'एक' दिसायला तार पुरवठ्याच्या साठेक टक्क्यांवर जावी लागते. तेवढं चढेपर्यंत बिटचा मध्य, म्हणजे बिट वाचायची वेळ, यायचा.

बोर्डावर १ किलोओहम होताच! पण त्याच्या सिरीजमधला डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग; वीज बाहेर पडते त्या टोकाला पट्टी असते) मीच उलटा डकवला होता, पट्टी बॅटरीकडे. पुलअप नावापुरता. पट्टी तारेच्या बाजूला फिरवली, सिग्नलची चढती कडा सरळ झाली, चुका बंद. काढलेल्या दोन्ही चिपा परत लावून पाहिल्या, ठणठणीत निघाल्या.